'पॉलिश पूर्ण उतरवावं लागेल' असं कोणी म्हणालं तर आधी हे वाचा

जुन्या टेबलावर गरम भांड्याचं पांढुरकं वर्तुळ उमटलं म्हणजे लाकूड खराब झालं, असं नसतं. बहुतेकदा डाग वरच्या पॉलिशच्या थरातच असतो. तिथे ओलावा अडकून तो थर धुरकट दिसतो. काळा डाग वेगळा. तिथे पाणी लाकडापर्यंत पोचलेलं असतं. हा फरक दडवूनच एका पॉलिशवाल्याने आम्हाला फसवलं.

टेबल आजोबांचं. वर विनियर, म्हणजे चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर लाखेचं फ्रेंच पॉलिश. डागावर बोट फिरवून तो म्हणाला, "पॉलिश मेलंय. पूर्ण उतरवावं लागेल, आणि ते कारखान्यातच होईल." पैसे सांगितले हाताने चढवायच्या फ्रेंच पॉलिशचे. त्यातले बरेचसे आगाऊ घेतले.

टेबल परत आलं ते गडद तपकिरी आणि भलतंच चकचकीत होऊन. "जुनं लाकूड असंच दिसतं," हे त्याचं उत्तर. पण कडांजवळ लाकडाच्या रेषा मध्येच नाहीशा होत होत्या. विनियर बहुतेक वेळा मिलिमीटरभरही जाड नसतं. मशीनने घासताना ते पार गेलं होतं आणि खालचं लाकूड लपवायला लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला होता!

मग खालच्या बाजूला, जिथे नवं पॉलिश लागलं होतं, तिथे स्पिरिटचा बोळा टेकवला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, चिकट होते. इथे काहीच झालं नाही. थिनरने मात्र ते लगेच मऊ पडलं. म्हणजे फ्रेंच पॉलिशच्या पैशात स्प्रेने लॅकर, म्हणजे झटपट वाळणारं रासायनिक पॉलिश, मारलं होतं. जाब विचारल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पैशांपेक्षा जास्त जीव जळतो तो विनियरसाठी. ते आता परत येणार नाही.

त्याच जोडीतल्या तिपाईवरही तसंच वर्तुळ होतं. दुसऱ्या कारागिराने आधी मेण पुसलं, मग स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं हलक्या हाताने फिरवलं. डाग आमच्यासमोर गेला.

म्हणून सांगते, वस्तू घराबाहेर जाऊ देण्याआधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटची चाचणी समोर करायला लावा. डागावरचा सौम्य उपाय आधी करून बघायला सांगा. कोणतं पॉलिश, हाताने की स्प्रेने, आणि मशीन लावणार का, हे पावतीवर लिहून घ्या. कडांचे जवळून फोटो काढा. आणि उरलेले पैसे कडा उजेडात तपासल्यावरच द्या.