सातबाऱ्यावर नाव आहे, प्लॉट मात्र नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ‘पाच गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळदा एकही कागद खोटा नसतो आणि म्हणूनच ही फसवणूक लवकर ध्यानात येत नाही. ठाण्यात राहणारे माझे मेहुणे निवृत्तीनंतर किन्हवलीच्या बाजूला अशाच एका प्लॉटच्या व्यवहारात अडकले. त्यांचे सगळे कागद नंतर मी एका वकील स्नेह्यांसोबत बसून तपासले. त्यातून व्यवहाराची जी रचना उलगडली ती येथे मांडत आहे, कारण त्याच पद्धतीच्या जाहिराती ठाणे-कल्याण पट्ट्यात आजही दिसतात.

विक्री करणाऱ्यांचे कार्यालय ठाण्यात होते. रविवारी गाडीने जागेवर नेत, वाटेत नाश्ता देत आणि समृद्धी महामार्गामुळे शहापूरचे भाव कसे चढणार आहेत हे ऐकवत. जागेवर चुन्याने आखलेले रस्ते, सिमेंटचे खांब आणि प्रत्येक प्लॉटवर क्रमांकाची पाटी होती. मेहुण्यांना सात क्रमांकाचा, रस्त्याला लागून असलेला प्लॉट दाखवण्यात आला. त्यांची वडिलोपार्जित शेती सातारा जिल्ह्यात असल्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखत नोंदले गेले, यथावकाश फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर नाव चढले. सामान्य माणसाच्या दृष्टीने जमीन आपली झाल्याचा याहून मोठा पुरावा दुसरा नसतो, आणि नेमक्या याच समजुतीवर हा धंदा उभा आहे.

खरेदीखतात सात क्रमांकाच्या प्लॉटचा उल्लेख कोठेच नाही. एकूण दहा खरेदीदारांनी मिळून एका गटातील ५० गुंठे घेतले आणि त्यात प्रत्येकाचा पाच गुंठ्यांइतका अविभक्त, म्हणजे जागेवर वेगळा न पाडलेला, हिस्सा राहील, एवढेच त्यात लिहिले आहे. चतुःसीमा दिल्या आहेत त्या संपूर्ण ५० गुंठ्यांच्या. मेहुण्यांच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, रस्ता कोणत्या बाजूस, याबद्दल त्या दस्तात एक शब्द नाही. प्लॉटचा क्रमांक फक्त कार्यालयाने छापलेल्या रंगीत नकाशावर आणि पैशांच्या पावत्यांवर आहे. तो नकाशा भूमी अभिलेख खात्याचा नसून एका खासगी आरेखकाचा आहे, त्यामुळे मालकीच्या प्रश्नात त्याला काडीचीही किंमत नाही.

दहा जणांना एका दस्तात का बसवले जाते, याचे कारण तुकडेबंदी कायद्यात आहे. १९४७ च्या या कायद्यानुसार शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडता येत नाहीत. २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी ते क्षेत्र जिरायतीस २० आणि बागायतीस १० गुंठे असे ठरवले. पाच गुंठ्यांचा वेगळा दस्त नोंदवायला गेल्यास तो अडतो, म्हणून दहा नावांचा एकच मोठा दस्त केला जातो. खरेदीदाराला सांगतात की पुढे पोटहिस्सा करून प्रत्येकाचा सातबारा वेगळा निघेल. ही थाप सर्वांत महाग पडते. वाटप तहसीलदारांकडे मागितले तरी तुकडेबंदी तेथेही आडवी येते, म्हणजे ज्या तुकड्याचे पैसे घेतले तो आज वेगळा झालेला नाही एवढेच नव्हे, तर शेतजमीन म्हणून तो वेगळा होऊच शकत नाही.

मेहुण्यांनी तारेचे कुंपण घालण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा डोंबिवलीचे एक गृहस्थ तेथे हजर झाले. त्यांच्याही पावतीवर सात क्रमांकच होता. दोघांची नावे त्याच सातबाऱ्यावर, दोघांचा हिस्सा सारखाच, त्यामुळे कायद्याच्या नजरेत दोघेही बरोबर. शिवाय नकाशात दाखवलेला आतला रस्ता शेजारच्या गटातून जातो आणि त्या शेतकऱ्याने बांधावर दगड रचून तो बंद केला आहे. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते.

तक्रार करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. खरेदीखतात विक्रेता म्हणून मूळ शेतकरी आहे आणि त्याच्या वतीने कुलमुखत्यारपत्राच्या आधारे सही करणारा इसम आहे. ठाण्याच्या त्या कार्यालयाचे नाव दस्तात नाहीच. पैशांचा मोठा भाग त्यांनी ‘विकास शुल्क’ म्हणून वेगळ्या पावतीवर घेतला. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, जमीन शेतकऱ्याने विकली,’ असे ते आता सांगतात. रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील नोंदणीचा, क्रमांक विचारला असता ‘हा शेतीचा व्यवहार आहे, त्याला रेरा लागत नाही,’ असे उत्तर मिळाले होते. शेतीचा व्यवहार असेल तर प्लॉट, क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव कशाच्या जोरावर विकला, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते.

म्हणून टोकन देण्याआधी खरेदीखताचा मसुदा मागावा आणि त्यातील चतुःसीमा प्रथम वाचाव्यात. त्या तुम्हाला दाखवलेल्या तुकड्याच्या नसतील तर पुढची चर्चा करण्याचे कारण नाही. छापील नकाशाऐवजी सरकारी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, मागावी. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ आणि भोगवटादार वर्गही (जमीन विकायला मोकळी आहे की सरकारी परवानगी लागते, हे सांगणारा) पाहावा, कारण या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या आणि वनसंज्ञेच्या, म्हणजे सरकारी नोंदीत वन म्हणून दाखवलेल्या, जमिनी पुष्कळ आहेत आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. माहितीपत्रक, पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरील संदेश जपून ठेवावेत. पोलिसांनी सुरुवातीला प्रकरण दिवाणी स्वरूपाचे म्हणून परत पाठवले होते; एकच प्लॉट क्रमांक असलेल्या दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्यावर तक्रार लिहून घेतली गेली.

सध्या दहापैकी सात सहहिस्सेदार एकत्र आले आहेत. सर्वांनी मिळून ५० गुंठे एकाच शेतकरी खरेदीदाराला विकावेत आणि निदान जमिनीपुरती रक्कम सोडवून घ्यावी, असा वकिलांचा सल्ला आहे. त्यासाठी दहाही सह्या लागतील. दोघे फोन उचलत नाहीत, आणि तिसऱ्यांना अजूनही वाटते की आपला प्लॉट कोपऱ्यावरचा असल्यामुळे आपल्याला चिंता नाही.