बारावीनंतर नौदल: अग्निवीर व्हावे की अधिकारी?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींना भारतीय नौदलात जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली अग्निपथ योजनेखाली अग्निवीर म्हणून नौसैनिकाची, दुसरी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) किंवा नौदलाच्या बी.टेक. छात्र प्रवेशातून अधिकाऱ्याची. गावोगावच्या अकादम्यांच्या फलकांवर ही दोन नावे शेजारी शेजारी लिहिलेली असतात, त्यामुळे बऱ्याच घरांत असा समज होतो की अवघड परीक्षा जमली तर अधिकारी व्हावे आणि नाही जमली तर अग्निवीर. प्रत्यक्षात निवड कोण करतो, निवडताना काय पाहतो, सेवा किती काळाची असते आणि ती संपल्यावर हातात काय राहते, या चारही बाबतींत या वाटा वेगळ्या आहेत.

नौदलातील मनुष्यबळाची जबाबदारी दिल्लीतील नौदल मुख्यालयात ‘चीफ ऑफ पर्सोनेल’ या व्हाइस अॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. युद्धनौका आणि पाणबुड्या चालवायला लागणारी माणसे योग्य वयात आणि योग्य संख्येने मिळवणे हे भरती यंत्रणेचे काम. अग्निवीरांची निवड नौदल स्वतः करते. संगणकावरील लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी असे तिचे टप्पे आहेत. प्रबोधिनीची लेखी परीक्षा मात्र केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. तिच्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. त्यानंतरच्या सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवस चालणाऱ्या मुलाखतीला ९०० गुण असतात. निम्मे गुण पाठांतराच्या आवाक्याबाहेरच्या या पाच दिवसांवर अवलंबून असल्याने नुसत्या शिकवणीवर विसंबून या वाटेला लागणे धोक्याचे आहे. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्य आणि मुलाखत यांतून तेथे उमेदवाराची पारख होते. बी.टेक. छात्र प्रवेशात आयोगाची परीक्षा नसते. जेईई मेनच्या क्रमवारीवरून उमेदवारांना थेट एसएसबीला बोलावले जाते, पण बारावीला या तीन विषयांत मिळून किमान ७० टक्के गुण आवश्यक असतात.

अठराव्या वर्षी एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघांचा विचार केला तर फरक चटकन लक्षात येतो. अग्निवीर म्हणून निवड झालेला ओडिशातील आयएनएस चिल्का येथे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतो, पुढे आपल्या शाखेचे काम शिकतो आणि एकूण चार वर्षे पूर्ण झाल्यावर बाविसाव्या वर्षी सेवामुक्त होतो. योजनेच्या तरतुदीनुसार प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच पुढे किमान पंधरा वर्षांच्या कायम सेवेत घेतले जाते. दुसरा खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे आणि केरळमधील एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीत एक वर्ष काढतो आणि तोही साधारण बाविसाव्या वर्षीच बी.टेक. पदवीसह सब-लेफ्टनंट होतो. चार वर्षे दोघेही देतात. एकाची सेवा तेथे बहुधा संपते, दुसऱ्याची तेथे सुरू होते.

पैशाचा हिशेबही नीट मांडून पाहावा. अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये आणि पुढे ३३,०००, ३६,५०० व ४०,००० असे वाढत जाते. त्यातील ३० टक्के रक्कम सेवा निधीसाठी कापली जात असल्याने पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात. जोखीम आणि खडतर सेवेचे भत्ते लागू असतील तेथे वेगळे मिळतात. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालते. त्यामुळे चार वर्षांच्या अखेरीस मूळ १०.०४ लाख रुपये आणि त्यावरील व्याज अशी करमुक्त रक्कम मिळते, शिवाय सेवाकाळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते. मात्र सेवामुक्त होणाऱ्यांना निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. प्रबोधिनीतील शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च सरकार करते, पण तेथील तीन वर्षांत छात्राला पगार नसतो आणि किरकोळ खर्चासाठी घरून पैसे पाठवावे लागतात. सब-लेफ्टनंट झाल्यावर मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १५,५०० रुपयांचे सैनिकी सेवा वेतन व महागाई भत्ता मिळतो. ज्या घरात वडिलांचे काम सुटले आहे किंवा धाकट्या बहिणीचे शिक्षण अडले आहे, त्या घरासाठी पहिल्याच वर्षापासून येणारे एकवीस हजार ही मोठी गोष्ट असते. अशा घरातल्या मुलाने अग्निवीर व्हायचे ठरवले तर तो निर्णय कमी प्रतीचा आहे असे कोणीही म्हणू नये.

भरतीच्या वेळी दाखवलेले चित्र आणि प्रत्यक्ष सेवा यांतील अंतर किती महागात पडू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्ही, म्हणजे ब्रिटिशकालीन नौदल, अगदी लहान होती आणि तिच्या नौसैनिकांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान दर्यावर्दींचा वाटा मोठा होता. युद्धकाळात भरतीचे जाळे देशभर पसरले आणि मनुष्यबळ अनेक पटींनी वाढले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात नौसैनिकांनी काम थांबवले. त्यामागे निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही कारणे होती, तशीच भरती होताना दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत ही खंतही होती. अधिकाऱ्यांच्या बाजूला भारतीयांना दार उघडायलाच फार उशीर झाला. रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे याच नौदलाच्या आधीच्या रूपात, पहिला भारतीय अधिकारी, डी. एन. मुखर्जी, १९२८ मध्ये दाखल झाला. वरिष्ठ पदांसाठी अनुभवी भारतीयांची फळी तयार नसल्याने स्वातंत्र्यानंतरही नौदलाची सूत्रे ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे राहिली आणि २२ एप्रिल १९५८ रोजी व्हाइस अॅडमिरल रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. कटारी मुंबईच्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर घडले होते आणि १९८७ ते १९९० या काळातील नौदलप्रमुख अॅडमिरल जयंत नाडकर्णीही त्याच नौकेचे छात्र होते.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. नौदलाच्या पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ रोजी चिल्का येथे झाले. त्या तुकडीत अडीच हजारांहून अधिक अग्निवीर होते आणि त्यांत महिलाही होत्या. ही तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झालेली असल्याने तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. सेवामुक्त झालेल्यांचे पुढे नेमके कसे होते, याचा दीर्घ अनुभव म्हणूनच कोणाकडेही नाही, आणि तो असल्यासारखे बोलणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि तटरक्षक दल यांत १० टक्के आरक्षणाची घोषणा सरकारने केली आहे, तसेच इग्नू या मुक्त विद्यापीठामार्फत सेवेतील प्रशिक्षण गृहीत धरणाऱ्या पदवीची सोयही जाहीर झाली आहे. अग्निवीर झालेल्याने ही पदवी पहिल्या वर्षापासूनच हाती घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. बाविसाव्या वर्षी निधी आहे पण पदवी नाही अशा स्थितीत नव्याने सुरुवात करणे फार कठीण जाते.

मुलींसाठी दोन्ही वाटा खुल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी आली आणि त्यांतील १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. नौदलासाठीच्या त्यांच्या जागा अजून मोजक्या आहेत, त्यामुळे स्पर्धा तीव्र आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. दोन्ही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत, आणि अधिकारी निवडीत मोकळेपणाने इंग्रजी बोलता येण्याचा उपयोग फार होतो. त्यासाठी महाराष्ट्रात शासनाने केलेली सोय आहे. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांची प्रबोधिनीसाठी तयारी करून घेते, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे, आणि लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना एसएसबीसाठी नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात विनामूल्य मार्गदर्शन मिळते. हजारो रुपये भरून खासगी वर्ग लावण्यापूर्वी येथे चौकशी करावी. निवड ‘करून देतो’ म्हणून पैसे मागणारा माणूस कोणत्याही वाटेवर भेटला तर तो फसवणूक करतो आहे हे निश्चित समजावे.

माझा कल सांगायचा तर तो वयाच्या गणितावर आधारलेला आहे. प्रबोधिनी आणि बी.टेक. प्रवेशाचे दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होते, तर अग्निवीरांसाठी साडेसतरा ते एकवीस ही मर्यादा आहे. म्हणून घरची निकड नसलेल्या आणि विज्ञान शाखेत बरे गुण असलेल्या विद्यार्थ्याने बारावीच्या वर्षातच प्रबोधिनीचा अर्ज भरावा, मिळतील तेवढ्या संधी घ्याव्यात आणि त्यानंतर अग्निवीर भरतीकडे वळावे. या क्रमात कोणतीही संधी हातची जात नाही, उलट क्रमात मात्र अधिकाऱ्याच्या या दोन संधी वयामुळे कायमच्या जातात. पदवीनंतरची सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षा आणि अल्पकालीन कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची सेवा, या वाटा पुढेही राहतात, परंतु त्यांसाठी पदवी, आणि नौदलाच्या बऱ्याच शाखांसाठी अभियांत्रिकीची पदवी, लागते. केवळ दहावी झालेल्यांसाठी अग्निवीर भरतीतच ‘एमआर’ (मॅट्रिक रिक्रूट) हा स्वतंत्र प्रवेश आहे. अर्ज करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी आणि रंगांची ओळख तपासून घ्यावी, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेली जन्मतारखेची मर्यादा आपल्या दाखल्याशी ताडून पाहावी, कारण ती दर तुकडीला बदलते.