आजीचं कपाट रंगवायला दिलं, परत आलं ते दुसरंच

जुनं लाकडी सामान ‘शॅबी शिक’, म्हणजे फिकट रंगाचं आणि मुद्दाम वापरून झिजल्यासारखं करून घ्यायचं मनात असेल, तर ते घराबाहेर पाठवण्याआधी एवढं वाचा.

आजीचं सागवानी कपाट कऱ्हाडहून पुण्याला आमच्याकडे आलं, तेव्हा पॉलिश काळवंडलं होतं आणि एक बिजागरी निखळली होती. लहान खोलीत ते अंगावर यायचं. म्हणून क्रीम रंग आणि घासलेल्या कडा, असं करून घ्यायचं ठरवलं. ही पद्धत मला मनापासून आवडते. आधी गडद हात, मग कडांवर मेणबत्तीचं मेण, त्यावर चॉक पेंटचे, म्हणजे खडूसारख्या बिनचमकीच्या रंगाचे, दोन फिकट हात. वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवला की मेणावरचा रंग सुटतो आणि वस्तू वर्षानुवर्षं हाताळल्यासारखी दिसते.

ऑनलाइन फोटो बघून एकाला बोलावलं. २४ हजार ठरले, १२ हजार आगाऊ दिले. “ताई, घरात धूळ होईल, वर्कशॉपला नेतो,” म्हणाला. पावती मागितली तर, “व्हॉट्सॲपवर आहे की सगळं.” मी त्याला एक गोष्ट दोनदा बजावली: उजव्या दाराला आतून हात लावायचा नाही. तिथे आजोबांनी आईची आणि मामाची उंची दर दिवाळीला पेन्सिलीने नोंदवलेली होती.

पाच आठवड्यांनी कपाट आलं. दिसायला देखणं होतं, पण आतूनही रंगवलेलं. “आत फार डाग होते, त्याचे जास्तीचे पैसे नाही लावले.” त्या रेघा गेल्या म्हणून मी रडले. तिथेच अडकले, पुढचं काही सुचलंच नाही. नेताना चार माणसं लागली होती, आणताना दोघांनीच ते जिन्याने वर आणलं. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

जुलैत कपाटाखाली पिठासारखा भुसा पडायला लागला, लाकडाला कीड लागल्यासारखा. मामाच्या ओळखीतले एक म्हातारे सुतार आले. त्यांनी खण ओढला, पालथा केला आणि कोपऱ्यावर अंगठा फिरवला. जुन्या खणाच्या फळ्या बोटांत बोटं गुंतवावीत तशा एकमेकींत बसवलेल्या होत्या. इथे नुसत्या पिना ठोकलेल्या. पटाशीने रंग खरवडला तर खाली पांढरट, बिनवासाचं लाकूड. मग वरचा कोरीव तुरा खरवडला. तो तपकिरी निघाला, तेलकट वासाचा. “पोरी, एवढंच सागवान उरलंय,” म्हणाले. तुरा आणि पितळी मुठी तेवढ्या आमच्या, बाकी कपाट त्याच मापाचं नवं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. सागवानावर थेट फिकट रंग दिला, तर आतलं तेल वर येऊन पिवळट डाग उमटतात, म्हणून आधी चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा हात देतात. मी त्या माणसाला फोन करून विचारलं, रंगाखाली काय दिलंय? “प्रायमर,” म्हणाला आणि फोन ठेवला. चपडीचं नावही काढलं नाही. त्यानंतर नंबर बंद.

जुन्या सागवानाच्या रुंद, अखंड फळ्या आता सहज मिळत नाहीत आणि त्यांना चांगला भाव येतो. पॉलिशमध्ये लाकडाच्या रेषा दिसतात, त्यामुळे अदलाबदल लगेच कळते. रंगाखाली ती कळत नाही. म्हणून रंगकाम शक्यतो घरीच, गॅलरीत करून घ्या. चॉक पेंटला फारशी घासाघीस लागत नाही, पाण्याने ब्रश धुता येतो. धुळीचं कारण ऐकून मी गप्प बसायला नको होतं. बाहेर द्यावंच लागलं, तर खणांचे तळ, पाठ, सांधे यांचे फोटो काढा, आत न दिसेल अशा जागी खूण करा, पावतीवर ‘सागवानी’ लिहून घ्या आणि रंगाचा पहिला हात द्यायच्या आधी स्वतः जाऊन बघा.

मी पोलिसांत अर्ज दिला आहे, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रारही नोंदवली आहे. पावती नसल्याने व्हॉट्सॲपचे मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद एवढाच पुरावा आहे.

जुन्या सागवानाच्या दुकानात किंवा कुणाच्या घरी एखादं दार दिसलं, आतून पेन्सिलीच्या आडव्या रेघा आणि शेजारी ‘कुसुम’, ‘बाळ’ अशी नावं असलेलं, तर कृपा करून मला कळवा. रंधा मारला नसेल, तर त्या रेघा अजून असतील.