नौपाड्यातले ट्रॅव्हलवाले काका : तिकिटाला पाच स्टार, हॉटेलला दीड

मुलांच्या कॉन्व्होकेशनला (पदवीदान समारंभाला) आजी-आजोबांसकट अख्खं घर घेऊन जायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, नाहीतर एवढं मोठं वाचण्यात काही अर्थ नाही. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर एका काकांचं छोटंसं ट्रॅव्हल ऑफिस आहे, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि एक जाडजूड रजिस्टर. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि माणूस भला आहे, नौपाड्यातल्या जुन्या लोकांना कळेलच कोण ते. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा.

आमची लेक उडुपीच्या बाजूला इंजिनिअरिंगला होती, नोव्हेंबरात तिचं कॉन्व्होकेशन. जाणारे आम्ही दोघं, सासूबाई (गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या), माझे बाबा, दीर आणि जाऊबाई. विमानाने मंगळूरला उतरून पुढे साठेक किलोमीटर गाडीने, असं दीरांचं म्हणणं होतं पण सहा जणांचं जाऊन-येऊन तिकीट बघितल्यावर तेच गप्प झाले. मग मत्स्यगंधा एक्सप्रेस. ठाण्यावरून उडुपीला जायचं तर ही गाडी सगळ्यात सोयीची, दुपारी निघायचं, रात्री झोपायचं आणि सकाळी उतरायचं.

काकांचं मला सगळ्यात आवडलं ते हे की गेल्या गेल्या तारीख नाही विचारली, पहिला प्रश्न म्हणजे "ताई, पास किती मिळालेत?" मी म्हटलं कसले पास. तर म्हणे कॉन्व्होकेशनला हॉलमध्ये किती जणांना सोडतात ते आधी कॉलेजकडून लेखी मेलवर मागवा, मग किती जण जायचं, कोण आत बसणार, बाहेरचे तेवढा वेळ काय करणार ते ठरवा, तिकीट त्यानंतर. लेकीला विचारलं तर मेल तिला आला होता, तिने उघडून पण बघितला नव्हता, त्यात स्पष्ट लिहिलेलं की एका विद्यार्थ्यामागे दोनच पाहुणे आणि बाकीच्यांसाठी बाहेर स्क्रीन.

यावरून घरात जे झालं ते काय सांगू. दोन पास म्हणजे मी आणि नवरा, हे आम्ही गृहीत धरलेलं, पण लेक फोनवर म्हणाली की आजी आत नसेल तर मला मजा नाही येणार, फर्स्ट इयरची फी आजीने एफडी मोडून भरली होती. हे सासूबाईंनी कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, जाऊबाईंना तर तेव्हाच कळलं. सासूबाई म्हणतात मला काय समजतंय त्यातलं, इंग्रजी भाषणं ऐकायला कशाला, तुम्ही दोघं बसा. दोन दिवस असंच चाललं मग नवरा म्हणाला माझा पास आईला, विषय संपला, मी आजोबांबरोबर स्क्रीनसमोर बसतो. आता हे सगळं तिथे हॉलच्या दारात सिक्युरिटीसमोर झालं असतं तर? म्हणून म्हणते तो एक प्रश्न विचारल्याबद्दल काकांना एक स्टार असाच.

आता तिकिटं. इथे काका खरंच उस्ताद. मी सरळ सहा जणांचं एकच तिकीट काढणार होते, एका तिकिटावर सहा जण बसतातच. काका म्हणाले थांबा, लोअर बर्थचा जो कोटा असतो ना, साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायका, तो एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच असतील तर लागतो. सहा जणांत घुसवलं की तो कोटा गेला, मग कॉम्प्युटरने दिली वरची तर दिली. म्हणून सासूबाई आणि बाबांचं वेगळं तिकीट त्या कोट्यातून आणि आम्हा चौघांचं वेगळं. दोघांनाही खालचा बर्थ मिळाला. तोटा एवढाच की डबे वेगळे आले, पण बाबा आणि सासूबाई एकमेकांशी रात्रभर ज्या गप्पा मारत होते ते बघता त्यांना आमची गरज नव्हतीच. (सीनियर सिटिझनची भाड्यातली सवलत मात्र विसरा, ती मार्च २०२० पासून बंद आहे ती बंदच, खूप जणांना अजून वाटतं की मिळते.)

दुसरं म्हणजे रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही, नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. त्यात काकांनी स्वतःच सांगितलं की उघडतं त्या सकाळी आठला एजंटच्या आयडीवरून लगेच तिकीट निघत नाही, त्यामुळे तुम्ही तुमच्या आयआरसीटीसीच्या खात्यावरूनच काढा, आधार आधीच जोडून ठेवा, नावं-वयं खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, मी फोनवर आहे. आणि खरंच होते! आठ वाजता फोन चालू, "आता कोटा बदला, आता पेमेंट, मागे जाऊ नका, थांबा". म्हणजे ज्या तिकिटावर त्यांना कमिशन मिळणार नव्हतं त्यासाठी माणूस सकाळी अंघोळ सोडून फोनवर. त्यांनी प्लॅनिंगचे म्हणून वेगळे पैसे घेतले ते आधीच सांगून घेतले, ते मला पटलं. तात्काळच्या भरवशावर राहू नका हे पण बजावून सांगितलं, तिथे तर एजंटांना पहिला अर्धा तास बंदच असतं आणि अर्ध्या तासात कोकण रेल्वेच्या गाडीला काय उरतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

एक सल्ला असा होता की घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. गाडी ठाण्याला थांबते तरी तुम्ही कुर्ल्याला जाऊन एलटीटीवरूनच (लोकमान्य टिळक टर्मिनस) बसा. आता ठाण्याचा माणूस उलटा कुर्ल्याला का जाईल? पण ठाण्याला गाडी थांबते किती, दोन-तीन मिनिटं, त्यात प्लॅटफॉर्मची गर्दी, बॅगा, आणि गुडघेवाल्या सासूबाईंना डब्याची पायरी चढवायची. एलटीटीला गाडी आधीच लागलेली असते, आरामात चढा, बॅगा साखळीने बांधा, पाणी भरा. गेलो बाबा टॅक्सी करून. दीर पूर्ण रस्ताभर कुरकुरत होते आणि मग ठाणे आल्यावर खिडकीतून प्लॅटफॉर्मवरची पळापळ बघून गप्प बसले.

गाडीबद्दल फार लिहीत नाही, स्वच्छ होती, झोप झाली. एकच सांगते, कोकण रेल्वेचा नजारा बघायचाय म्हणून मुद्दाम जाताना जागू नका, नोव्हेंबरात रत्नागिरीच्या कितीतरी आधी अंधार पडतो. खरी मजा परतीच्या गाडीत आहे, ती उडुपीहून दुपारीच निघते आणि होन्नावरला शरावतीचा पूल उजेडात मिळतो, दोन किलोमीटरच्या वर लांब आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. येताना समुद्राकडची म्हणजे डाव्या हाताची खिडकी धरा. आणि हो, कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं टाइमटेबल वेगळं असतं, जून ते ऑक्टोबरमधल्या तारखा असतील तर वेळा परत चेक करा, काकांनी आम्हाला हे पण न विचारता सांगितलं होतं.

आता दीड स्टारचा भाग. उडुपीतलं हॉटेल आणि गाडी पण काकांकडूनच घेतली, "आपला माणूस आहे तिकडे". तर आपल्या माणसाने जे हॉटेल दिलं ते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्या काकांनी लोअर बर्थसाठी एवढा आटापिटा केला त्यांना हॉटेलवाल्याला लिफ्ट आहे का एवढं विचारायचं सुचलं नाही! सकाळी रात्रभराचा प्रवास करून आलेल्या सासूबाई रिसेप्शनच्या खुर्चीत, वर जायला तयार नाहीत, लेक भेटायला आलेली ती रडवेली, मी काकांना फोन लावतेय तर काका म्हणतात "फोटोत तर छान दिसत होतं". शेवटी लेकीच्या मेसवाल्या आंटींच्या ओळखीने एका घरातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या, आम्ही बायका आणि बाबा तिकडे, पुरुष हॉटेलात. दोन्हीकडचे पैसे गेले. त्यात नोव्हेंबर म्हणजे शेजारच्या मणिपाल विद्यापीठाचं पण कॉन्व्होकेशन त्याच महिन्यात असतं, कृष्णमठाचा लक्षदीपोत्सव पण कार्तिकातच, त्यामुळे तिथे आयत्या वेळी खोली मागितली की भाव ऐकून घाम फुटतो.

गाडीचंही तसंच. टेम्पो ट्रॅव्हलर सांगितलेली, आली सात सीटर, मागच्या सीटवर जायला पुढची वाकवायची आणि मांजरासारखं आत शिरायचं. पैठणी नेसून करून बघा. ड्रायव्हर मात्र सोन्यासारखा, तुळू-कन्नडच जास्त बोलायचा पण सासूबाईंसाठी स्वतःचं प्लॅस्टिकचं स्टूल पायरी म्हणून घेऊन आला दुसऱ्या दिवशी.

काकांनी जो टाइप केलेला कार्यक्रम दिला होता तोही तसाच इंटरनेटवरून उचललेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट मेरीज बेट! मलपेवरून बोटीने जायचं असतं, बेट सुंदरच आहे म्हणतात, लाव्हाचे कोनेदार खांब आहेत, लेकीने चार वर्षांत ढीगभर फोटो पाठवले, पण बोटीतून चढ-उतार करायची आणि खडकांवरून चालायचं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला? काट मारली. त्याऐवजी कृष्णमठ केला, तो सगळ्यांना झेपला. कनकन किंडी म्हणजे ज्या झरोक्यातून संत कनकदासांना कृष्णाचं दर्शन झालं म्हणतात ती खिडकी सासूबाईंना बघायचीच होती. पुरुषांना दर्शनाला शर्ट काढावा लागतो हे दीरांना आधी कोणी सांगितलं नव्हतं, पोट आत ओढून उभे होते लायनीत. दुपारी प्रसादाचं जेवण तिथेच पंगतीत. संध्याकाळी गोळीबजे (तिकडची गोल भजी), केळ्याचे गोड बन्स आणि शेवटी ग्लासात थर लावून देतात ते गडबड आईस्क्रीम, बाबांनी शुगर असून दोन ग्लास संपवले आणि वर म्हणतात नातीच्या डिग्रीचं आहे, मोजायचं नसतं.

कार्यक्रमाचा दिवस मी थोडक्यात सांगते कारण तो रिव्ह्यूचा भाग नाही. सगळ्यांना दीड तास आधी बोलवतात, एकदा आत बसलं की उठता येत नाही, म्हाताऱ्या माणसांना आधी बाथरूमला नेऊन आणा, औषधं जवळ ठेवा, मोठी पर्स नेऊ नका. नोव्हेंबर असला तरी तिकडे दमट उकाडा असतो, सिल्कमध्ये जीव जातो, मुलांचा तर वरून गाऊन. गाऊनचं डिपॉझिट त्याच दिवशी परत घ्यायचं असतं आणि फोटोची खरी गर्दी कार्यक्रम संपल्यावर असते, त्यामुळे गाऊन परत करायच्या आधी सगळ्यांचे फोटो उरकून घ्या. आमच्याकडे बाहेर बसलेल्या चौघांनी स्क्रीनवर नाव आलं तेव्हा एवढा आरडाओरडा केला की बाजूचं केरळी कुटुंब पण टाळ्या वाजवायला लागलं. सासूबाईंना आत काही ऐकू आलं नाही, त्या मला विचारत होत्या झाला का गं तिचा नंबर, आणि तोपर्यंत लेक स्टेजवरून उतरली पण होती.

परत आल्यावर काकांकडे गेले, म्हटलं काका हॉटेलचं असं असं झालं. वाद नाही घातला. हॉटेलवरचं त्यांचं कमिशन लगेच जीपेवर परत केलं आणि रजिस्टर उघडून माझ्यासमोर लिहिलं, "उडुपी – लिफ्ट विचारणे". आता पुढच्याला तरी फायदा होईल. पण माझं मत असं की काकांना ठाण्याहून निघणाऱ्या रेल्वेतलं जेवढं कळतं त्याच्या निम्मं पण तिकडच्या गावातलं कळत नाही, ते फोनवर कोणाच्या तरी भरवशावर बुकिंग करतात. तिकडचं राहणं आणि गाडी मुलांनाच बघायला सांगा, ती चार वर्षं तिथे राहिलेली असतात, त्यांना मेसवाल्या आंटी, रिक्षावाले, घरमालक सगळे माहीत असतात, फक्त आपण त्यांना कधी काम सांगत नाही म्हणून ती करत नाहीत. लेकीला हे आधी सांगितलं असतं तर तिने दोन फोनमध्ये केलं असतं असं तीच म्हणाली, जरा रागानेच.

तर रेल्वेचं तिकीट, कोटा, कुठून बसायचं, कधी निघायचं यासाठी डोळे झाकून जा. पॅकेज देतो म्हणाले तर नको म्हणा, रागावत नाहीत. दुपारी एक ते चार बंद असतं, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर उत्तर व्हॉइस नोटमध्ये येतं आणि ती नोट तीन-तीन मिनिटांची असते, पण पूर्ण ऐका, कामाची गोष्ट शेवटच्या अर्ध्या मिनिटात असते.