मेनूलिब्रे: बरेच महिने वापरल्यावर, लिबरऑफिसचा आयकॉन बंद पडल्यावर

मेनूलिब्रे म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम्सचा मेनू बदलायचं अ‍ॅप. मध्यंतरी लिबरऑफिसची नवी आवृत्ती टाकली, जुनी काढली, आणि मेनूतला रायटर उघडेना. आयकॉन जागच्या जागी, पण क्लिक केलं की कमांड सापडत नाही. यात दोष लिबरऑफिसचा नाही. त्यांच्या अधिकृत डेब पॅकेजमध्ये लाँचर फाइलच्या (मेनूतल्या नोंदीचं नाव, आयकॉन आणि कमांड सांगणारी छोटी फाइल) नावातच आवृत्ती असते, 7.6 वगैरे. मेनूलिब्रेतून तिचं नाव किंवा आयकॉन बदलला की होम फोल्डरमध्ये ‘डॉट-लोकल’, ‘शेअर’, ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या वाटेवर तिची प्रत तयार होते. जुनं पॅकेज काढलं की सिस्टीमची फाइल जाते. ही प्रत पॅकेज मॅनेजरच्या (प्रोग्रॅम टाकणारी-काढणारी व्यवस्था) हिशेबातच नसते, म्हणून ती मागे उरते.

लाँचर फाइलच्या नावात आवृत्ती नसेल तर दुखणं आणखी चिवट. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली की होममधली चालते. अपडेटमध्ये कमांड बदलो, नवे फाइलप्रकार येवोत, उजव्या क्लिकचे पर्याय वाढोत, मेनू जुनंच धरून बसतो आणि चूक कुठेच दिसत नाही. मेनूलिब्रेने निदान इतकं तरी सांगायलाच हवं की ‘मूळ फाइल बदलली आहे’. एवढ्या नीटनेटक्या अ‍ॅपमध्ये ही उणीव फार खटकते.

आधी वाटायचं, सगळे बदल मेनूलिब्रेतूनच करावेत. आता नवं लाँचर बनवायला आणि नको ते लपवायलाच ते उघडतो, आणि त्या कामांत ते खरंच सुरेख आहे. लपवताना ते ‘नो-डिस्प्ले’ चालू करतं, त्यामुळे पीडीएफ वाचक मेनूतून गेला तरी फाइलवर डबल क्लिक केल्यावर उघडतो. ‘हिडन’ मात्र लावू नका. त्याचा अर्थ लाँचर नाहीच असा धरला जातो आणि फाइलप्रकारांची जोडणीही तुटते.

लाँचरमधल्या कमांडच्या ओळीत तीन गोष्टी हमखास अडतात. ही ओळ शेलमधून (टर्मिनलमधल्या कमांड समजून घेणारा प्रोग्रॅम) जात नाही, म्हणून होम फोल्डरसाठीचं नागमोडी चिन्ह चालत नाही, पूर्ण पाथ द्यावा लागतो. पर्यावरण-चल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेलं सेटिंग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) द्यायचा तर आधी ‘एन्व्ह’ लिहा. आणि शेवटचं टक्का-यू पुसू नका, डबल क्लिक केलेली फाइल प्रोग्रॅमला त्याच खुणेच्या जागी दिली जाते.

डेस्कटॉप मराठीत असेल आणि फाइल हाताने बदलत असाल तर आणखी एक बघा. नुसत्या ‘नेम’ ओळीत बदल केला तर मेनूत काहीच हलत नाही, कारण आधी ‘नेम’पुढे चौकटी कंसात एमआर (मराठीचा कोड) असलेली ओळ वाचली जाते. बदल तिथे करा.

अ‍ॅपइमेजच्या (अख्खा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये) फाइलनावातही बहुधा आवृत्ती असते, तेव्हा लाँचरला थेट ती फाइल देऊ नका. आवृत्तीशिवायच्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) करून तिचा पाथ द्या. नवी फाइल उतरवली की फक्त सिमलिंक बदलायची, लाँचरला हात लावायचा नाही.

एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये मेनूतल्या विभागांची रचनाच विस्कटली तर ‘डॉट-कॉन्फिग’मधल्या ‘मेनूज’ फोल्डरातल्या मेनू फाइलचं नाव बदला आणि लॉगआउट करून परत या. मूळ रचना येते.

मोठं अपडेट झालं की होममधली प्रत्येक प्रत ‘यूएसआर’खालच्या मूळ फाइलशी ‘डिफ’ने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) ताडून बघा. मूळ फाइलच उरली नसेल आणि लाँचर तुम्ही स्वतः किंवा एखाद्या प्रोग्रॅमने बनवलेलं नसेल, तर प्रत काढून टाका.