आठ महिने, दोन मँटिस आणि सलूनवाली स्प्रे बाटली

डिसेंबरात बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर मँटिसची, म्हणजे आपल्या प्रार्थना कीटकाची, दोन बारकी पिल्लं सापडली. बहुतेक हायरोड्युला या प्रकारातली. दोघांना, थोरलीला आणि धाकट्याला, वेगळ्या बरण्या दिल्या, कारण एकत्र ठेवली की एक दुसऱ्याला खातं आणि एकच उरतं. तेव्हापासून त्यांच्या पाण्यापायी तीन वस्तू आणल्या, त्यांचं सांगतो.

पहिली, झाडांवर मारायची साधी ट्रिगरची बाटली. तिचे थेंब एवढाले की पिल्लू दचकून झाकणाला चिकटायचं आणि तळाशी पाणी साचायचं. अर्ध्या इंचाचा जीव तेवढ्यात बुडतो, म्हणून पाण्याची वाटीपण ठेवायची नाही. आठवड्यात ती बाटली परत कुंड्यांकडे.

दुसरा, नऊशेचा अल्ट्रासोनिक फॉगर. बरणीत धुकं बघून भाचा जाम खूश, मी पण खूश, पण मँटिस धुकं पीत नाही हो, त्याला पानावर नाहीतर भिंतीवर थेंब लागतो. ओलावा मोजणारा हायग्रोमीटर ९० टक्के दाखवतोय आणि थोरल्या बाईसाहेबांचं पोट चपटं! वर मी शहाणपणा करून जाळीच्या झाकणावर प्लास्टिक ताणलं, ओलावा टिकावा म्हणून, तर चौथ्या दिवशी तळाच्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, पांढरी बुरशी आणि खाऊन उरलेल्या झुरळाच्या तंगडीला केस फुटलेले. हवा खेळत नसेल तर तो ओलावा काय कामाचा.

तिसरी, सलूनमध्ये केसांवर मारतात ती तीनशे मिलीची बाटली. एकदा दाबली की दोन-तीन सेकंद बारीक फवारा येत राहतो, आणि आवाज जवळपास नाहीच. तेव्हापासून हीच वापरतोय. एकदाच नोझल चोंदलं, ते आमच्या बोअरच्या पाण्यामुळे, आता आरओचं भरतो तर भिंतींवरचे पांढरे डागपण गेले. सकाळी एका बाजूच्या पानांवर मारायचं, दुसरी बाजू कोरडी सोडायची, संध्याकाळपर्यंत सगळं वाळलं पाहिजे. थोरली मान खाली घालून थेंबाला तोंड लावते, जबडे बारीक हलत राहतात, थेंब बघता बघता आटतो आणि मग मांजरासारखा पुढचा पाय चाटून तोंड पुसते. हे बघायला मी ऑफिसला उशीर केलाय.

मार्चची गोष्ट मात्र लागली मनाला. पुण्यातली कोरडी दुपार, ओलाव्याचा काटा पंचवीसच्या खाली, आणि मी दोन दिवस गावी. धाकट्यानं खाणं सोडलं होतं म्हणजे कात टाकायला आला होता, ते माझ्या लक्षातच आलं नाही. आलो तेव्हा उलटा लटकलेला, उजवा पुढचा पाय कोरड्या हवेनं जुन्या कातीत अडकलेला. नाही वाचला. तेव्हापासून खाणं बंद झालं की संध्याकाळीपण एक फवारा, पण भिंतीवर, अंगावर नाही. आणि प्रत्यक्ष कात निघताना हात लावायचा नाही, बरणी हलवायची नाही. कात टाकताना उलटं लटकायला उंची अंगाच्या तिप्पट हवी, हे ओलाव्याइतकंच महत्त्वाचं.

थोरलीनं एप्रिलमध्ये शेवटची कात टाकली. आधी पाठीवरच्या पंखकळ्या फुगल्या, मग एका रात्री अर्ध्या-पाऊण तासात बाहेर, आणि सकाळी पंख ताणून वाळवत बसलेली.

आता जुलै, हवेतच ओलावा पंच्याऐंशी टक्के आहे, त्यामुळे एक दिवसाआड चार थेंब प्यायला, बस. स्वस्त हायग्रोमीटरवर फार विसंबू नका, माझे दोन शेजारी ठेवले तर आठाचा फरक, मी चढतोय की उतरतोय तेवढंच बघतो. आणि हे सगळं माझ्या जातीपुरतं, दक्षिणेकडच्या व्हायोलिन मँटिसला ऊन आणि कोरडं हवं असतं, त्याला असं भिजवत बसू नका.

बाटलीला पाचपैकी साडेचार. फॉगर कपाटावर पडलाय, कुणाला हवा तर न्या, चकती तेवढी व्हिनेगरनं घासून घ्या.