कपाट: तुर्भ्याहून खोकी आणायची की नाशकात सुतार बसवायचा?

कसारा घाट उतरून तुर्भ्याच्या इकियात (सुटे भाग खोक्यांत विकणाऱ्या फर्निचरच्या दुकानात) कपाट आणायला जायचं, तर आधी घरी तीन मापं घ्या: भिंत, छत आणि जिन्याचं वळण. छताचंच बहुतेक जण विसरतात. २३६ सेंमी उंच, ५८ सेंमी खोल सांगाडा आडवा जोडून उभा करताना त्याचा कर्ण २४३ सेंमी भरतो; पीओपीचं छत खाली असेल तर तो तिथेच अडकतो. वरच्या मजल्यावर पसंत केलेल्या कपाटाच्या चिठ्ठीवरचा रांग-क्रमांक टिपून घ्या, खाली गोदामात खोकी त्यावरच सापडतात. एका कपाटाची खोकी अनेक असतात, एखादं राहिलं की पुन्हा घाट. जोडताना पाठीची पातळ फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर दारं कधीच जुळणार नाहीत. मिनीफिक्स (दोन फळ्या जोडणारा फिरता खिळा) जोर लावून पिळला की पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुटतो, आणि तो दुरुस्त होत नाही.

सुतार जागेच्या मापाने करतो, हा मोठाच फायदा. ७×४×२ फुटी कपाटाला ८×४ च्या १८ मिमी प्लायवूडच्या ४ शीट, पाठीला ६ मिमीची १. बाथरूमलगतच्या भिंतीला आयएस ७१० (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) छापाचाच प्लाय घ्या, छाप शीटवर स्वतः बघा. दाराला बाहेरून १ मिमी लॅमिनेट आणि आतून काहीच नाही, असं चालू देऊ नका. पावसाळ्यात एकच बाजू ओल पिते आणि दार वाकतं. आतून ०.८ मिमीचं लायनर (पातळ लॅमिनेट) लावून घ्या. तारखांचं मात्र विचारू नका!

भाड्याचं घर असेल तर खोकी बरी, स्वतःच्या फ्लॅटला सुतार.